शुभाचं न चाखलेलं सूप

फोन आला तेव्हा मी हॉस्पिटलच्या चेंजिंग रूममध्ये होते. एक बूट पायात आणि दुसरा हातात. मिलिंदचं नाव दिसलं आणि उचलायच्या आधीच मला कळलं. तो म्हणाला, "नीला, गेली ती... आत्ताच. मी चहा टाकत होतो." मी भूलतज्ज्ञ आहे. लोकांचे श्वास सांभाळणं हा माझा धंदा. शुभाचे किती उरलेत याचा अंदाज मला कधीपासून होता, आणि तरी त्या बाकावर बसून मी मूर्खासारखी हातातल्या बुटाची नाडी सोडत आणि बांधत राहिले. शेवटी मिलिंदने अगदी रोजच्या आवाजात विचारलं, "कालचं सूप अर्धं पातेलं तसंच आहे गॅसवर. काय करायचं त्याचं?"

बायको गेल्यावर पाच मिनिटांत माणूस सुपाचं विचारतो, हे कुणाला विचित्र वाटेल. मला वाटलं नाही. आयर्लंडमधल्या ॲडम्सटाउनच्या त्या घरात दर शनिवारी जाड बुडाच्या एका पातेल्यात सूप व्हायचं, आणि आमच्या तिघांच्या आणि तिच्या लेकीच्या आयुष्यातलं जे काही बरं होतं ते बहुतेक त्या पातेल्याभोवतीच घडलं. आता तिला जाऊन काही आठवडे झालेत. माणसं म्हणतात, हळूहळू सोपं होतं. होत नाही. मी रोज पाहते की होत नाही, म्हणून लिहायला बसले आहे. लिहून काही होईल असं नाही.

शुभा आणि मी भेटलो ते भाजीच्या दुकानात. मी आयर्लंडमध्ये नवीन होते, एकटी होते आणि हॉस्पिटलच्या कँटीनमधल्या गार सँडविचवर जगत होते. गाजरांच्या खोक्यापाशी मागून आवाज आला, "सई, ठेव ते! उष्टं केलंस तर विकत घ्यावं लागेल!" उष्टं हा शब्द ऐकून मी इतक्या झटक्याने वळले की हातातली टोपली पडली. ट्रॉलीत बसलेली एक छोटी मुलगी गाजर चावत होती आणि तिची आई, लाल मफलर, कपाळावर बारीक टिकली, लीकची, म्हणजे जाड पातीच्या कांद्यासारख्या भाजीची, जुडी नाकाशी धरून हुंगत होती. "मराठी ना तुम्ही?" तिने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता लीक माझ्या नाकाखाली धरलं. "हे कांदा आहे की नाही, सांगा बरं. मला नैवेद्याला चालवायचंय." मी म्हटलं, मी डॉक्टर आहे, भटजी नाही. "मग तर सांगाच," ती म्हणाली. "डॉक्टरांना पोटात काय जातं ते कळतं." त्या संध्याकाळी मी तिच्या घरी जेवले, आणि मग पुढची सगळी वर्षं जेवतच राहिले.

लीकचा तो प्रश्न तिने फार गांभीर्याने घेतला होता. सांगलीहून लग्नात आलेली अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण तिने स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये ठेवले होते. इथे भिंतीतल्या कपाटाला प्रेस म्हणतात. वरच्या फळीवर कपबशा आणि खालच्या फळीवर देव. जे शिजेल त्यातलं वाटीभर आधी तिथे ठेवायचं आणि मग घरच्यांनी जेवायचं, असा तिचा नेम होता. कांदा-लसूण नैवेद्याला चालत नाही, आणि कांद्याशिवाय सूप कसं करायचं? तेव्हा तिने लीक शोधून काढलं. मी तिला सांगितलं की लीक कांद्याच्याच कुळातलं आहे. "कूळ मला सांगू नकोस," ती म्हणाली. "शास्त्रात लीकचं नाव कुठेय दाखव. नाही ना? मग झालं तर." सांगलीच्या काकूंनी, म्हणजे तिच्या आईने, फोनवर विचारलं, हे लीक म्हणजे काय गं? तर ही बिनदिक्कत म्हणाली, "इथली पालेभाजी आहे."

सूप तिला शिकवलं शेजारच्या ब्रीडाने. ब्रीडा तेव्हाच सत्तरीला आलेली. शुभा-मिलिंद राहायला आले त्या पहिल्या थंडीत ती दारात पातेलं घेऊन उभी राहिली, कारण नवी माणसं आली की असं करायचं असतं. शुभाला ते सूप आवडलं आणि तिने शिकवण्याची गळ घातली. ब्रीडा आली आणि लोण्यावर लीक मंद आचेवर, झाकण ठेवून, रंग न बदलू देता मऊ कसं करायचं ते तिने दाखवलं. मग बटाटा, गाजर, पांढऱ्या गाजरासारखं पार्सनिप, सेलरी आणि रात्रभर भिजवलेली बार्ली. सगळं शिजत आलं तसा तिने चमचा बुडवला, ओठांना लावला, मान डोलावली आणि तोच चमचा परत पातेल्यात घालून ढवळलं. शुभाच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. अख्खं पातेलं उष्टं झालं होतं! देवाला काय दाखवायचं? ब्रीडासमोर ती हसली आणि थँक्यू म्हणाली. ब्रीडा घरी गेल्यावर तिने एक बटाटा आणि लीकचा एक तुकडा छोट्या भांड्यात वेगळा शिजवला, देवापुढे ठेवला आणि मगच आम्हाला वाढलं. पुढच्या वेळेपासून ब्रीडा यायच्या आत नैवेद्याची वाटी काढून झालेली असायची.

पण सूप तिने स्वतःचं करून टाकलं. सालं, देठं, लीकचा हिरवा भाग, काही टाकायची नाही. सगळं तासभर उकळून गाळून घ्यायची. त्यात शिजलेल्या डाळीवरचं पाणी घालायची. "सूप म्हणजे काय गं, आपला कटच तो," असं म्हणायची. वरून पांढरी मिरी. मिक्सरमधून काढलेल्या सुपाचा तिला मनापासून तिटकारा होता. फोडी फोडीसारख्या दिसल्या पाहिजेत, बार्ली दाताखाली आली पाहिजे. "दात दिलेत ना देवाने? मग मिक्सर कशाला?"

आणि चाखायचं नाही. सांगलीच्या घरातली शिस्त, स्वयंपाक करणारीने चाखलं की ते उष्टं. त्यामुळे मीठ ती वासावर घालायची. मोकळे केस एका हाताने मागे धरायची, पातेल्यावर वाकायची, डोळे मिटून वाफ घ्यायची आणि म्हणायची, "अजून चिमूटभर." मी एकदा तिला चिडवलं, "शुभा, मिठाला वास नसतो. पाचवीतल्या मुलाला विचार." ती म्हणाली, "मिठाला नसतो गं बाई. मीठ पडल्यावर गाजराला येतो." मी हसले. पण मी अनेक वर्षं दर शनिवारी जेवले आहे, आणि तिचा हात चुकला असेल तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळा.

त्या चुकलेल्या वेळा तिला कळायच्या कशा? आम्ही सांगायचो म्हणून. तो त्या घरातला पक्का करार होता. करणारीने चाखायचं नाही, म्हणून खाणाऱ्याने खोटं बोलायचं नाही. पहिला घास घेतला की ती हातातलं काम टाकून आमच्या तोंडाकडे बघत उभी राहायची. मिलिंद बिचारा मवाळ माणूस, पण तोही सांगायचा, "किंचित कमी आहे." सई तर जन्माचीच फटकळ. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इथल्या हेलातल्या इंग्रजीत. पाच वर्षांची असल्यापासून चमचा खाली ठेवून म्हणायची, "मॅमी, इट नीड्स सॉल्ट." शुभाला याचा केवढा आनंद व्हायचा! स्तुती केली असती तर इतका झाला नसता. ब्रीडा मात्र कशालाही "ग्रँड, लव्ह, ग्रँड" म्हणायची, आणि शुभा तिच्या मागे म्हणायची, "हिला वर्तमानपत्र उकळून दिलं तरी ग्रँड." सुपाबद्दल ग्रँड म्हणायचं नाही, असा तिने नियमच केला होता. ग्रँड म्हणजे काहीच न सांगणं, असं तिचं म्हणणं. शाळा ग्रँड, पाऊस ग्रँड, तापसुद्धा ग्रँड, पण सूप एक तर बरोबर असतं, नाही तर चुकलेलं असतं.

एका शनिवारी नैवेद्याची वाटी खाताना ती खोकली. ती वाटी तिची असायची, सगळ्यांचं झाल्यावर शेवटी खायची. बार्ली अडकली म्हणाली. पुढच्या शनिवारी परत खोकली. आणि बोलताना पार्सनिप म्हणाली ते ओठांतून नीट बाहेर आलं नाही. मिलिंदच्या लक्षात आलं नाही, ते येणारही नव्हतं. मी मात्र दिवसभर लोकांच्या घशात नळ्या घालते. माझ्या हातातला चमचा थांबला. "सोमवारी डॉक्टरकडे जायचं," मी म्हटलं. "अक्कलदाढ असेल," ती म्हणाली. मी इतक्या जोरात ओरडले की सई जिन्यावरून खाली आली.

मग तपासण्या झाल्या, महिने गेले, आणि एका दुपारी हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये ती माझ्या गाडीत बसली होती. मिलिंद औषधं घ्यायला आत गेला होता. मोटर न्यूरॉन हे शब्द आतल्या डॉक्टरांनी उच्चारले होते, पुष्कळ मऊ शब्दांत गुंडाळून: शरीराचे स्नायू एकेक करून निकामी करत जाणारा आजार. ती काचेतून बाहेर बघत म्हणाली, "तिखटमीठ न लावता सांग. बरं होणारंय?" मी म्हटलं, नाही. "थांबणारंय?" नाही. "मग खाणं?" मी म्हटलं, ते आधी जाईल. तिने मान हलवली. सई तेव्हा नुकती सेकंडरी शाळेत गेली होती. "तिला जेवायला मी घालायचं आहे, नीला," शुभा म्हणाली. "बाकी काय जायचं ते जाऊ दे. हे मला करायचंय, जमेल तितकं शेवटपर्यंत." एवढंच मागणं होतं तिचं. जगायचं नव्हे. तिला माहीत होतं ते मिळणार नाही.

आधी आला मिक्सर. ज्या सुपात बार्ली दाताखाली यायला हवी होती तेच सूप गुळगुळीत लापशीसारखं करून, वर घट्ट करायची पावडर घालून तिला द्यावं लागलं. दोन घास घेऊन ती वाटी सरकवायची. मग तेही घशात अडकायला लागलं आणि पोटातून नळी बसवली. डब्यातला बदामी रंगाचा द्रव आहार त्या नळीतून जायचा. नळी बसवल्यानंतरच्या पहिल्याच शनिवारी मी गेले तर ही गॅसपुढे उभी, केस मागे धरून, पातेल्यावर वाकलेली. सईने पहिला घास घेतला. आम्ही सगळे थांबलो. सई म्हणाली, "इट्स परफेक्ट." शुभाचं बोलणं तोवर फार अस्पष्ट झालं होतं, पण जे म्हणाली ते मला समजलं, "बघ. आईची शिस्त. कुठं अडलं माझं?" खरंच अडलं नव्हतं. स्वतः न चाखता रांधायची तिला जन्मभराची सवय होती. एक थेंब गिळता येत नव्हता आणि तिच्या हाताची चव जशीच्या तशी होती. मी बाथरूममध्ये जाऊन रडले आणि तोंड धुऊन दुसरी वाटी वाढून घेतली.

प्रश्न आला नैवेद्याच्या वाटीचा. प्रसाद टाकायचा नाही आणि तिला खाता येत नाही. तिने वाटी माझ्यापुढे सरकवली. "तू." तेव्हापासून ती वाटी माझी झाली. मी खायचे आणि ती समोर बसून बघायची. माझ्या तोंडाकडे नाही, घशाकडे. मी गिळलं की तिच्या मानेचे स्नायू किंचित हलायचे. किती सोपी गोष्ट आहे गिळणं... मला तेव्हापासून कधीच सोपी वाटली नाही.

पुढे हात गेले. मग सूप मी करायला लागले आणि ती चाकाच्या खुर्चीत गॅसजवळ. मी काय रांधणारी! माझ्या फोडी एक मोठी, एक बारीक. शुभा घशातून एक आवाज काढायची, त्याचा अर्थ 'शी' असा होता आणि तो अर्थ मरेपर्यंत स्पष्ट राहिला. बोलणं संपलं तेव्हा आम्ही डोळ्यांवर आलो. वर बघितलं की हो, मिटले की नाही. शिजत आलं की मी पातेलं खुर्चीजवळ धरायचे, ती वाफ घ्यायची. "घालू मीठ?" वर. "अजून?" वर. "अजून?" मिटले. बस. मी चमचा हातात धरून उभी असायचे, पण चाखायचे नाही. एकदा चाखणार होते तर तिने असा आवाज काढला की चमचा खाली पडला. मिलिंद म्हणाला, "तिच्या नोकरीवर गदा आणू नकोस." आम्ही तिघेही हसलो. हसलेलं आठवतं असं ते शेवटचंच.

कारण मग मास्क आला. श्वासाचे स्नायू दमले, आणि आधी रात्री, मग दिवसाही तोंडा-नाकावर तो घट्ट मास्क आणि यंत्राची हवा. पलंग खालच्या बैठकीच्या खोलीत आणला होता, स्वयंपाकघराचं दार उघडं ठेवलं की तिला गॅस दिसायचा. शनिवारी मिलिंद थोडा वेळ मास्क काढायचा, मी पातेलं घेऊन जायचे. मला माहीत होतं काय होणार आहे. वास घ्यायलासुद्धा हवा आत ओढावी लागते, आणि ती ओढायला ताकद लागते. मी हे कुणाला सांगितलं नाही. सांगून कुणाचं काय भलं होणार होतं?

त्या शेवटच्या शनिवारी सगळं नेहमीसारखं केलं. लीक मऊ केलं, सालांचं पाणी गाळलं, कट घातला. पातेलं तिच्याजवळ धरलं. मिलिंदने मास्क बाजूला केला. वाफ तिच्या चेहऱ्यावर गेली, कपाळावर बारीक थेंब जमले. ती थांबली, परत प्रयत्न केला. "मीठ घालू?" डोळे माझ्याकडेच, ना वर ना मिटलेले. "शुभा, घालू?" काही नाही. मग मी विचारलं, "वास येतोय का?" तिने डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांच्या कडेने पाणी कानाकडे गेलं. तिचे ओठ निळसर व्हायला लागले तसा मिलिंदने घाईने मास्क परत बसवला. मी पातेलं आत नेलं, गॅस बंद केला आणि ओट्याला धरून उभी राहिले. तिचं जे एक उरलं होतं ते गेलं होतं, आणि ती ते शुद्धीवर राहून बघत होती. या आजाराइतका क्रूर आजार मी पाहिलेला नाही आणि तो असा का आहे याचं उत्तर माझ्याजवळ नाही, देवाजवळ असेल तर त्याने ते स्वतःपाशीच ठेवावं.

हात आपोआप चालत होते. वाटी काढली, अन्नपूर्णेपुढे ठेवली. सई खाली आली. आता पंधरा वर्षांची, आईएवढी उंच. तिने आपला बाऊल घेतला आणि रोजच्यासारखी आईच्या पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसली. शुभाचे डोळे तिच्या तोंडावर. सईने पहिला चमचा घेतला. जरा थांबली. मग म्हणाली, "इट्स ग्रँड, मॅमी." आणि सगळा बाऊल संपवून ती आत आली, पुन्हा भरून घेतला आणि परत जाऊन बसली. मिलिंद बाऊल घेऊन उभ्याउभ्याच खात होता. तोही म्हणाला, "छान झालंय." तेवढ्यात मला हॉस्पिटलचा फोन आला, रस्त्यावरच्या अपघातातली माणसं येत होती. मी कोट चढवत शुभापाशी गेले आणि म्हटलं, "माझी वाटी राहिलीय. उद्या सकाळी येऊन खाते." तिने वर बघितलं. हो.

दुसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा यंत्र बंद होतं. इतक्या महिन्यांच्या त्या घरघरीनंतर घर फारच शांत वाटलं. मास्क काढला होता आणि नाकावर त्याचा लाल वण होता. भूलतज्ज्ञ असूनही मी खुळ्यासारखं तिच्या नाकाखाली बोट धरून पाहिलं. ब्रीडा आधीच येऊन बसली होती. आता ती काठी घेऊन चालते, तरी तिने सँडविचेस आणि तिचं स्वतःचं सूप आणलं होतं, मेलेल्याच्या घरी चूल पेटवायची नाही हे तिला कुणी सांगायला लागलं नाही. आपल्याकडे पिठलं-भात आणतात, इथे हे. फोनवर सांगलीच्या काकू होत्या. लेक गेलेली बाई, रडत रडत काय करायचं ते सांगत होती, "घरातलं शिजलेलं समदं टाकून द्या रं बाबा. देव झाकून ठेवा." मिलिंदने पातेलं उचललं आणि सूप सिंकमध्ये ओतलं. बार्ली जाळीत अडकली, ती त्याने बोटांनी काढली. हे सगळं तो फार व्यवस्थित करत होता.

देव झाकायला मी प्रेस उघडली. वाटी तिथेच होती. वर साय आली होती. मी बघत राहिले. सुतकातलं अन्न खायचं नाही आणि प्रसाद टाकायचा नाही. शास्त्राचं मला एरवी काही पडलेलं नसतं, पण उद्या येऊन खाते असं मी तिला सांगितलं होतं. मी प्रेसच्या दाराआड उभी राहिले आणि गारढोण सूप वाटीनेच तोंडाला लावलं.

मीठच नव्हतं. कमी नव्हे, अजिबात नव्हतं. पातेलं तिच्याजवळून आत आणल्यावर मीठ घालायचं राहूनच गेलं होतं. उकडलेलं गाजर आणि पाणी... असल्या सुपाचे दोन बाऊल सईने संपवले होते.

दार लोटून मी वळले तर सई जिन्याच्या पायरीवर बसलेली, हातात ब्रीडाने दिलेला कप. तिने माझ्या हातातली रिकामी वाटी पाहिली. घरात माणसं येत होती.

त्यावर बोललो ते पुष्कळ नंतर, गेल्या आठवड्यात, गाडीत. तिला शाळेतून घेऊन येत होते. मी रस्त्याकडे बघत विचारलं, "सई, त्या दिवशी मीठ नव्हतं ना?"

"देअर वॉज नन ॲट ऑल, मावशी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"शी वॉज लुकिंग ॲट मी," ती म्हणाली. मग खिडकीकडे तोंड करून, जवळजवळ स्वतःशीच, "आय सेड इट वॉज ग्रँड, अँड शी क्लोज्ड हर आइज. शी वॉज टायर्ड, आय थिंक."

मी हो म्हटलं. दमली असेल, म्हटलं. डोळे मिटणं म्हणजे काय ते आम्हा दोघींनाही माहीत होतं. पुढे सिग्नल लाल झाला आणि मी गाडी थांबवली.

आताही मी शनिवारी जाते. तिघांनी समोरासमोर बसायला दुसरं काही कारण सापडत नाही. त्याच पातेल्यात सूप करते, चाखत नाही. वाफेवर वाकते, डोळे मिटते आणि माझ्या नाकाला फक्त वाफ लागते. अंदाजाने मीठ घालते. वाटी काढून अन्नपूर्णेपुढे ठेवते आणि त्या दोघांना वाढते. पहिला घास घेताना मी त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहते. मिलिंद म्हणतो, "छान." सई म्हणते, "इट्स ग्रँड." मग शेवटी मी माझी वाटी खाते. कधी खारट असते, कधी अळणी. त्या घरात आता ते कुणी सांगत नाही.